तालमीच्या वर्गणीतला पहिला रुपया कुणावर?

कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर या वेळी वाद पेटला तो खेळाडू नोंदणीवरून. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघानं यंदा बाहेरचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर, आणायचं ठरवत आणलंय. जमलेल्या पैशातला निम्मा त्याच्यावर जाणार अशी चर्चा आहे. गोलकीपरला शिकवायला मात्र संघाकडं एक माणूस नाही. शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं ऊन खात बसणाऱ्याला हे ऐकून गप्प बसवत नाही.

बाळूदांनी कारभाऱ्यांची बाजू घेतली. "गोल मारणारा न्हाई तर पब्लिक येत न्हाई. पब्लिक न्हाई तर देणगीदार हात आखडतोय. मग तुमच्या कोचला पगार कुठनं देणार? पैला गोल, मग बाकीचं."

"दा, गोल मारायला बॉल तर पोचाय पायजे," मेहबूबभाई म्हणाले. ते बारकी पोरं खेळवतात, त्यामुळं त्यांचं बोलणं मैदानावरचं असतं. उंच स्ट्रायकर आणायचा आणि विंगवरून क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर उंच बॉल, टाकणारा एकही माणूस ठेवायचा नाही, मग होणार काय? स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला माणूस, मागून लांब बॉल हाणणार, समोरचा संघ त्या एकट्यावर दोन माणसं लावणार. पुढं गेलेला बॉल परत आपल्याच अंगावर येणार. त्यात एप्रिल-मेचं टणक मैदान. टप्पा पडला की बॉल डोक्यावरून जातो, म्हणून अशा वेळी सुटलेला बॉल उचलणारे मधल्या फळीतले दोन हाफ जवळ लागतात. ते नसतील तर स्ट्रायकर कितीही भारी असो, ऐंशी टक्के वेळ पाठमोरा उभा राहतो.

संदीपनं हिशेब मांडला. समजा हाताशी 10 लाख आहेत. त्यातले 5 लाख एका खेळाडूच्या मानधनात, खोलीभाड्यात, जेवणात आणि येण्याजाण्यात गेले. उरलेल्या 5 लाखांत 20 पोरं म्हणजे डोई 25 हजार. बूट, किट, बॉल, स्ट्रॅपिंग, बर्फ, फिजिओ यांचा खर्च त्यातूनच काढायचा. "आणि तिसऱ्या मॅचला त्याचा हॅमस्ट्रिंग गेला तर?" संदीपचा प्रश्न रास्त होता. प्रवास करून आलेला माणूस चार आठवडे सरावाविना थेट सामन्यात उतरवला की मांडीचा मागचा स्नायूच पहिला दगा देतो. आगाऊ सगळे पैसे दिलेले असतील तर ते गेलेच. म्हणून करार लेखी पाहिजे आणि पैसे तीन टप्प्यांत: नोंदणीला एक, लीग संपल्यावर दुसरा, नॉकआउट स्पर्धा संपल्यावर तिसरा. दुखापत झाली तर पुढचा टप्पा किती कापायचा, तेही त्याच कागदावर.

पिंट्याला हे पटलं, पण त्याची अडचण वेगळी होती. "निवड करतोय कोण लगा? मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि हो म्हणायचं. त्यात सगळे गोलच असतात, चुका कोण दाखवतंय?" इथं कट्ट्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. खेळाडू बघायचा तर सलग दोन पूर्ण सामने बघायचे, तेही गेल्या हंगामाच्या शेवटचे, कारण दमलेला माणूस खरा दिसतो. बॉल नसताना तो काय करतो, बॉल गेल्यावर मागं धावतो का, यावर डोळा ठेवायचा. आल्यावर 30 मीटरच्या स्प्रिंट लावायच्या, एक नव्हे, थोड्या विश्रांतीनं सहा. पहिल्या आणि सहाव्यात फार फरक पडला तर तंदुरुस्ती नाही. गुडघा डॉक्टरला दाखवायचा. परदेशी असेल तर आधीच्या देशाच्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट येतंय का, हे पैसे देण्याआधी बघायचं. नाहीतर माणूस इथं आणि कागद तिकडं, आणि लीग पुढं निघून जाते.

मग गाडी गोलकीपरवर आली, आणि खरा वाद इथं झाला.

आपल्या स्पर्धांत नॉकआउट सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर. म्हणजे अख्खा हंगाम 11 मीटरवरच्या पाच किकांवर येऊन थांबू शकतो. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच, आणि किक बसेपर्यंत गोलीचा निदान एक पाय रेषेवर पाहिजे. "यात शिकवण्यासारखं काय हाय? नशिबाचा खेळ हाय तो," बाळूदा म्हणाले.

मेहबूबभाई तापले. "नशीब म्हणून सोडून देतोय म्हणूनच हरतोय आपण. मारणाऱ्याचा टेकलेला पाय कुठल्या दिशेला हाय, कंबर कधी उघडती, हे बघून उडी घ्यायची असती. आधीच झेप घेतली की मधोमध गोल खातोय."

त्यांनी सांगितलेली गोष्ट या कट्ट्याच्या बाहेरही जायला हवी. आपले गोली पडायला घाबरतात. मैदान टणक, कोपर सोलतं, खुब्याला मार बसतो, म्हणून सरावात ते डाइव्ह मारतच नाहीत, नुसता पाय लावून बॉल अडवतात. सामन्यात जमिनीलगतचा फटका आला की शरीराला ती हालचाल ठाऊकच नसते. खरं तर आधी पायाची बाजू, मग मांडी, खुबा, खांदा अशा क्रमानं जमिनीवर यायचं. कोपर पोटाखाली न घेता पुढं, दोन्ही हात बॉलच्या मागं. हे मऊ जागेवरच शिकता येतं.

"मग मऊ जागा कुठं हाय कोल्हापुरात?" पिंट्यानं विचारलं.

"तालमीतच हाय की! आखाडा काय दगडाचा हाय व्हय?" मेहबूबभाई म्हणाले.

क्षणभर सगळे एकमेकांकडं बघत राहिले. लाल माती, त्यात हळद, तेल, ताक घालून मऊ केलेली, रोज खणली जाणारी. चार मीटरवरून हातानं बॉल टाकायचा, गोली आधी गुडघ्यावर बसून पडणार, मग उकिडवा, मग उभ्यानं. उजवीकडं दहा, डावीकडं दहा, आठवड्यातून तीन दिवस. पंधरवड्यात पडण्याची भीती जाते. पैलवानांची वेळ टाळून, वस्तादांची परवानगी घेऊन, बूट बाहेर काढून. ज्या तालमींनी कुस्तीसोबत फुटबॉलही जोपासला, त्यांच्या गोलींना पडायला जागा नाही हे मलाही आजवर खटकलं नव्हतं, आता मात्र फार खटकतंय.

क्रॉस झेलण्याचा सराव अर्थातच मैदानावर करावा लागतो. दोन्ही बाजूंनी वीस-वीस क्रॉस, आणि गोलीच्या समोर धक्के देणारी चार माणसं उभी. रिकाम्या पेनल्टी बॉक्समध्ये झेललेला क्रॉस सामन्यात कामाला येत नाही. जागेची मारामार आहेच. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं. मग पोरं भाड्याच्या छोट्या टर्फवर जातात, आणि तिथं खेळून खेळून पायात छोटे पास बसतात, 40 मीटरचा बॉल जमेनासा होतो. गोलीला तर गोलकिकची सवयच उरत नाही.

बाळूदा तरी मागं हटेनात. "मोठे क्लब बघा. पैसा टाकतात, नाव आणतात, जिंकतात. बेंगळुरूनं पैल्याच वर्षी आय-लीग मारली."

खरं आहे, 2013-14 ला; तेव्हा आय-लीगच देशातली सर्वांत वरची लीग होती. पण संदीपनं पुण्याकडं बोट दाखवलं. पुणे एफसी 2007 ला सुरू झाली, 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरी आली, त्यांची अकादमी देशात नावाजलेली होती. 2015 ला क्लब बंद. एफसी पुणे सिटी 2017-18 ला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, उपांत्य फेरीत पोचली, बेंगळुरूकडून हरली, आणि 2019 ला तिचा कारभार आटोपून लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली. पुण्याच्या प्रेक्षकाला कुणी विचारलंही नाही. त्याच हैदराबादनं 2021-22 चं विजेतेपद मिळवलं ते अंतिम सामन्यात टायब्रेकरवर, गोली लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन किक अडवून. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात त्याच संघात होता. "बघा दा, नशीब म्हणताय त्याला," मेहबूबभाई एवढंच बोलले.

माझं मत संदीपच्या बाजूचं आहे, पण कारण थोडं वेगळं. कंपनीचा क्लब एका बैठकीत बंद होतो, तालीम तशी बंद होत नाही. पेठ आहे तोवर ती आहे. हे बळ असताना कारभार एका हंगामापुरता का करायचा? मिझोरामचा ऐझॉल क्लब बघा. 2015-16 ला आय-लीगमधून खाली घसरला, दुसऱ्या क्लबांनी माघार घेतल्यानं परत जागा मिळाली, आणि 2016-17 ला प्रशिक्षक खालिद जमीलच्या हाताखाली मोहन बागानला एका गुणानं मागं टाकून आय-लीग जिंकली. गावातली पोरं आणि नेमके निवडलेले थोडे परदेशी. त्यांच्याकडं अल अमनासारखा मधल्या फळीत खेळ बांधणारा माणूस होता. बाहेरचा आणायचाच तर असा आणा.

पोरांच्या नोंदणीचा मुद्दा पिंट्यानं काढला, तो तर कुणी कारभारी ऐकूनच घेत नाही. पोरगं बारा वर्षांचं झालं की भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, त्याची नोंद तालमीच्या क्लबच्या नावानं व्हायला हवी. त्यासाठी जन्मदाखल्यासारखे कागद लागतात. उद्या परदेशी क्लबनं त्याच्या क्लबला पैसे मोजून त्याला घेतलं, तर फिफाच्या नियमानं त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरापर्यंत दर वर्षाला 0.25 टक्के, पुढं दर वर्षाला 0.5 टक्के. असा सौदा विरळाच, हे मान्य. पण नोंदच नसेल तर हक्क कशाच्या आधारावर सांगणार? पोरगं तालमीत शिकलं हे सगळ्या पेठेला ठाऊक असतं, कागदाला नसतं.

शेवटी बाळूदा एका गोष्टीवर तयार झाले. गोलकीपर कोच आधी, दोन गोली त्याच्या हाताखाली, आणि स्ट्रायकरचा पैसा टप्प्याटप्प्यानं. स्ट्रायकर मात्र हवाच, ही त्यांची अट कायम. "कॉर्नरला डोकं लावणारा एक तरी पायजे की न्हाई?"

"त्याला आपला स्टॉपर चालतोय दा, फक्त जवळच्या खांबाकडनं धावत आला पायजे, उभ्यानं न्हाई," मेहबूबभाई म्हणाले, आणि दोघांचं परत सुरू झालं. वस्तादांना आखाड्याबद्दल विचारायचं काम संदीपनं अंगावर घेतलंय.