स्टोनिथ बंद करून क्लस्टर उभारणाऱ्यांनो, जरा थांबा

लिनक्स ॲडमिनांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: 'दोन सर्व्हर, एक स्विच, दहा मिनिटांत हाय अव्हेलेबिलिटी'. म्हणजे एक सर्व्हर पडला तरी दुसऱ्यानं काम चालू ठेवायचं; अशा जोडीला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला नोड. ती पोस्ट माझ्या भाच्यापर्यंत पोचली. तो एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळतो आणि मला विचारतोय, "मामा, रविवारी करून टाकू का?" नको रे बाबा.

पोस्टमधले सल्ले चार. शेअर्ड लनवर (दोन्ही सर्व्हरना दिसणारी स्टोरेजवरची सामायिक डिस्क) एक्सएफएस ही फाइल सिस्टिम करून दोन्ही नोडवर एकदम माउंट करा, स्टोनिथ (बिघडलेल्या नोडला जबरदस्तीनं बंद करणारी सोय) बंद करा, कोरम (निर्णयाला लागणारं नोडांचं बहुमत) 'इग्नोर' करा, सगळं ट्रॅफिक एकाच व्हीलॅनवर (स्विचवरचं एक आभासी नेटवर्क) ठेवा.

पहिला सल्ला देणाऱ्यानं हे स्वतः कधी चालवलेलं दिसत नाही. एक्सएफएस काय, ईएक्सटी४ काय, या साध्या फाइल सिस्टिम डिस्क आपल्या एकट्याची आहे असं धरूनच लिहितात. प्रत्येक नोडची कॅश वेगळी, मोकळ्या जागेचा हिशोब वेगळा. एकानं वापरलेला ब्लॉक दुसऱ्याच्या लेखी अजून मोकळाच असतो, त्यामुळे तो बिनदिक्कत त्यावर लिहितो. बरं, लगेच एरर येईलच असंही नाही. दोन्हीकडून एकदम लिहायचंच असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ या क्लस्टरसाठीच्या फाइल सिस्टिम घ्या. पण जीएफएस२ ला फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला डिस्कपासून तोडणं) लागतंच, म्हणजे गाडी पुन्हा स्टोनिथवरच येते.

स्टोनिथ बंद करण्याच्या पुराव्यादाखल पोस्टमध्ये एक स्क्रीनशॉट आहे. तो पेसमेकर या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत 'क्लस्टर्स फ्रॉम स्क्रॅच' मार्गदर्शिकेतला. हे अर्धं खरं, मान्य. तिथे सुरुवातीला स्टोनिथ-इनेबल्ड=फॉल्स करायला सांगितलंय. पण तिथेच ताकीद आहे की प्रॉडक्शनमध्ये हे अजिबात चालणार नाही, कारण बिघडलेला नोड बंद पडलाय असं क्लस्टर नुसतं गृहीत धरतो. पुढे फेन्सिंगवर अख्खं प्रकरण आहे आणि स्टोनिथ परत चालू केलंय. पोस्टवाल्यानं नेमकी ताकीद कापली. रेड हॅट ही लिनक्स विकणारी कंपनीही स्टोनिथ बंद असलेल्या क्लस्टरला सपोर्ट देत नाही.

आता 'गृहीत धरणं' म्हणजे काय ते बघा. एक नोड मेलेला नाही, नुसता अर्धा मिनिट गोठलाय. नोड जिवंत आहेत का हे कोरोसिंक हा प्रोग्राम त्यांच्यात टोकन नावाचा संदेश फिरवून बघतो; कोरोसिंक ३ च्या नव्या आवृत्त्यांत टोकनची मूळ मुदत ३ सेकंद. ती संपली की दुसरा नोड लन माउंट करून लिहायला लागतो. मग पहिला जागा होतो आणि मेमरीत साठलेलं सगळं त्याच लनवर ओततो. हे घडू नये म्हणून आधी त्याची वीज तोडायची किंवा त्याचा डिस्कवरचा हक्क काढून घ्यायचा. स्टोनिथ करतं ते एवढंच.

लोक स्टोनिथवर वैतागतात त्यालाही कारण आहे. स्टोनिथ बऱ्याचदा आयपीएमआयवरून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायची त्याच्यातलीच सोय) चालतं आणि आयपीएमआयची वीज सर्व्हरचीच असते. सर्व्हरची वीज गेली की आयपीएमआय उत्तर देत नाही, फेन्सिंग फसतं आणि क्लस्टर अडून बसतो. त्यासाठी दुसरी पातळी लावा: एसबीडी (शेअर्ड डिस्कवरून नोडला बंद व्हायला सांगणारं) आणि वॉचडॉग (गोठलेलं मशीन आपोआप रीस्टार्ट करणारा टायमर), किंवा स्टोरेज सोय देत असेल तर फेन्स-स्कझी (नोडचा डिस्कवरचा हक्क काढून घेणारं). अलार्म वाजतो म्हणून वायर कापायची नसते.

कोरमचं थोडक्यात: दोन नोडांसाठी कोरोसिंकमध्ये टू-नोड पर्याय (एकच नोड उरला तरी कोरम धरणारा) आहेच, पीसीएस ही क्लस्टर मांडायची कमांड तो आपणहून लावते. तिसरं मशीन मिळालं तर क्यूडिव्हाइस (त्या मशीनवरून तिसरं मत देणारी सोय) त्याहून बरं.

आणि एकच व्हीलॅन? रात्री बॅकअपनं लिंक भरली की टोकन उशिरा पोचणार आणि धडधाकट नोडला मेलेला ठरवलं जाणार. कोरोसिंकला दोन लिंक द्या, वेगवेगळ्या स्विचवरून. आयस्कझीला (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) दोन वेगळे सबनेट आणि मल्टिपाथ (एक वाट तुटली तर दुसरीनं डिस्क गाठणं).

रविवारी यातलं काहीच करू नकोस. आधी फेन्सिंग लाव, चालू नोडची नेटवर्क केबल उपट आणि दुसऱ्यानं त्याला खरंच बंद केलं का ते बघ.