लोकाग्रहास्तव

कोथरूडमधल्या आपल्या सोसायटीचे अध्यक्षपद मिळावे अशी इच्छा असेल, तर ते आपल्याला मुळीच नको आहे याची आधी स्वतःची खात्री पटवून घ्यावी. सभासदांची खात्री पटवणे त्यामानाने सोपे आहे.

शास्त्राधार भरपूर आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी 1943 साली गरजांची जी उतरंड रचली, तिच्यात तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान आणि सर्वांत वर आत्मपूर्ती अशी पाच मडकी आहेत. आपला डोळा चौथ्या मडक्यावर असला, तरी भाषणात हात पाचव्यालाच लावावा. 'निवृत्तीनंतर समाजाचे ऋण फेडायचे आहे' एवढे म्हटले, की वॉचमनचा सलाम आणि लिफ्टजवळच्या फलकावर स्वतःच्या सहीने सूचना लावण्याचे सुख (पुण्यात हे सुख बाकीच्या गरजांना पुरून उरते) हे सारे आपोआप झाकले जाते. याला लबाडी समजू नये. सर्वसाधारण माणसाच्या मूलभूत गरजा जाणिवेपेक्षा नेणिवेतच अधिक असतात, असे त्याच निबंधात लिहून मॅस्लो यांनी आपली सोय करून ठेवली आहे.

'मला पदाचा मोह नाही' हे वाक्य मात्र जपून वापरावे. दडपलेली गोष्ट नकाराचा वेष घेऊन जाणिवेत शिरते, असे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1925 साली मांडले. त्यांचे नावही न ऐकलेल्या तळमजल्यावरच्या काकू हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकताच पदर तोंडाला लावतात.

'उभे का राहिलात?' असे कोणी विचारल्यास आत डोकावत बसू नये, चटकन उत्तर द्यावे. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या 1977 सालच्या शोधनिबंधात तंतोतंत सारख्या पायमोज्यांचे चार जोड ग्राहकांपुढे मांडल्याची हकिगत आहे. डाव्या टोकाच्या जोडापेक्षा उजव्या टोकाचा जोड जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. पण निवडीचे कारण सांगताना मांडणीतल्या जागेचे नाव एकानेही काढले नाही. जागेचे नाव आपणही काढू नये.

राहता राहिला लोकाग्रह. तो सर्वसाधारण सभेत उत्स्फूर्तपणे व्हावा, यासाठी शेजारच्या जोशीकाकांना आदल्या संध्याकाळी चहाला बोलवावे. ते सूचक व्हायला लगेच तयार होतील. त्यांच्या दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचा अर्ज समितीपुढे पडून आहे, याचा उल्लेख दोघांपैकी कोणीही करू नये. कारण विचारलेच, तर ते 'शेजारधर्म' असे सांगतील, आणि ते त्यांना अगदी मनापासून वाटत असेल.