रंग उडालाय, म्हणून महाग

इस्तंबूलमध्ये चहा फुकट मिळतो, असं ज्याने कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला मी शोधते आहे. चहा फुकट असतो हे खरं. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून, बशीत साखरेचे दोन खडे घेऊन तो येतो आणि तुम्ही 'नको' म्हणायच्या आत हातात असतो. पेला हातात आला की बसावं लागतं. बसलं की एक पोरगा आतून गुंडाळ्या आणायला लागतो आणि पहिला गालिचा हवेत गर्रकन फिरवून तुमच्या पायाशी उलगडतो. चहा इतका कढत असतो की तो संपेपर्यंत वीस गालिचे उलगडून झालेले असतात, आणि समोर ढीग घालायला लावून नुसतं उठून जायचं हे आपल्या मध्यमवर्गीय माणसाला जमत नाही. साडीच्या दुकानातही जमत नाही, म्हणून आपण शेवटी एखादा ब्लाउजपीस घेऊन सुटका करून घेतो. गालिच्यांच्या दुकानात ब्लाउजपीस नसतो.

त्यात माझा नवरा ऑडिटर. सहलीचं ठरल्यापासून तो रात्री जेवण झालं की यूट्यूबवर गालिचे बघत बसायचा. 'तुर्कस्तानातल्या हेरेके गावच्या रेशमी गालिच्यात चौरस सेंटिमीटरला १०० गाठी असतात. म्हणजे चौरस मीटरला किती?' असं आमटी वाढताना विचारायचा. दहा लाख, हे उत्तर आता आमच्या मुलालाही पाठ आहे. तुर्की गाठ ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांपैकी, दोन धाग्यांना मिळून मारतात आणि दोन्ही टोकं मधून वर काढतात, इराणी गाठ एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालते, हे त्याने मला बुटाच्या नाडीवर करून दाखवलं. खरी झालर म्हणजे ताण्याचीच सुटलेली टोकं, यंत्रावरच्या गालिच्याला ती मागाहून शिवतात, हेही कळलं. मग त्याने एक भिंग घेतलं.

इस्तंबूलचा मोठा बाजार, कापाली चार्शी, पंधराव्या शतकापासून भरतो आहे. वर छप्पर, आत साठेक गल्ल्या आणि चारेक हजार दुकानं. एवढ्या बाजारात माझ्या नवऱ्याने काय पाहिलं असेल, तर गालिच्यांच्या पाठी. दुकानात शिरला की कोपरा उलटा करायचा, भिंग लावायचं आणि पुटपुटत मोजायला लागायचं. एका दुकानदाराने शेवटी मला हळूच सांगितलं, "मॅडम, तुमचे मिस्टर माझ्या गालिच्यांचं तोंडच बघत नाहीत."

मी मात्र तोंडंच बघत होते, आणि जे दिसत होतं त्याने माझे संस्कार हादरत होते. माझी आई पहिल्या धुण्यात रंग गेलेली चादर पावतीसकट लक्ष्मी रोडच्या दुकानात नेऊन आपटणारी बाई. इथे सगळा कारभार उलटा. लाल रंग मध्येच एका आडव्या रेषेपासून विटकरी झालाय? त्याला अब्राश म्हणतात. लोकरीचा एक घाणा संपला, पुढचा घाणा रंगवताना छटा जमली नाही, म्हणजे घरी रंगवलेली लोकर, म्हणजे किंमत वर. एक कड दुसरीपेक्षा आखूड आहे? भटक्या लोकांचा माग. मुक्काम हलवताना उचलला, पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणला, ताण बदलला. किंमत आणखी वर. लव झिजून खालचे दोरे दिसतात? 'मॅडम, दिस इज कॅरॅक्टर.' मी एका गालिच्यावरचं भोक दाखवलं तेव्हा मात्र दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला की ही कसर आहे. तेवढं ऐकून बरं वाटलं.

वयाचं तर विचारूच नका. तुर्कस्तानात १९८३ चा कायदा आहे. शंभरी ओलांडलेला गालिचा म्युझियमच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे दर सांगताना गालिचा आजोबांच्या आजीचा असतो आणि पावती लिहिताना पन्नाशीत येतो. बायकांचं वय कमी सांगण्यावरून विनोद करणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बसावं.

बरं, हे म्हातारपण तरी खरं असेल का? अंताल्याजवळ दोशेमेआल्ती म्हणून भाग आहे. तिथे पिकं निघाली की मोकळ्या शेतांत उन्हाळाभर हजारो गालिच्यांचं वाळवण घालतात. भडक रंग उन्हाने उतरावेत, बाजारात चालणारा मवाळपणा यावा, म्हणून माणसं ते उलटतात-पालटतात. नवऱ्याने मला लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी बघायला शिकवलं. मुळाशी गर्द आणि टोकाला फिका, म्हणजे ऊन खाल्लेलं आहे. फक्त ते ऊन एखाद्या घराच्या खिडकीतून साठ वर्षं आलं की एका मोसमात शेतात, हे लव सांगत नाही. त्या दुकानदाराला विचारलं तर तो हसला, स्वतःचा पांढरा रुमाल ओला करून त्याने गालिच्यावर घासून दाखवला आणि म्हणाला, "रंग सुटत नाही, एवढं मी सांगतो. बाकीचं अल्लाला ठाऊक." मला हा माणूस आवडायला लागला होता. हे धोक्याचं लक्षण.

त्याच्यामागे आदल्या दिवशीच्या म्युझियमचाही हात होता. सुलतानअहमदला इब्राहिम पाशाच्या वाड्यात तुर्की आणि इस्लामी कलांचं संग्रहालय आहे. तिथे कोन्या शहरातल्या अलाउद्दिन मशिदीत १९०५ साली लक्षात आलेले तेराव्या शतकातले गालिचे आहेत. फाटके, विरलेले, जागोजाग तुकडे गेलेले. पण काठावरची ती जाडजूड, अक्षरांसारखी नक्षी अशी ठामपणे उभी आहे की मी नवऱ्याशी बोलायचं विसरले. थोडं पुढे गेलं की 'होल्बाइन गालिचे'. होल्बाइन हा जर्मन चित्रकार. त्याच्या चित्रांत असे गालिचे टेबलावर पसरलेले दिसतात म्हणून त्यांना त्याचं नाव. विणणाऱ्या बाईचं नाव कुठे नाही, तिचा गालिचा टेबलावर टाकून चित्र काढणाऱ्याचं मात्र आहे. यावर मी वाड्याच्या अंगणात बराच वेळ बोलले. नवऱ्याने तेवढ्यात कॉफी घेतली.

तर दुकानात मला आवडला तो गालिचा नव्हताच, किलीम होता. साधारण सतरंजीएवढा पातळ, विटकरी आणि निळा, मध्ये उंटाच्या रंगाची लोकर. अरुंद मागावर दोन पट्टे वेगवेगळे विणून मधोमध जोडलेले, आणि जोडावर नक्षी बोटभर चुकलेली. विणणाऱ्या बाईने घरात मोजायला ऑडिटर ठेवला नव्हता हे उघड होतं. दोन रंग जिथे उभ्या रेषेत भेटतात तिथे बारीक चीर. दोन्ही रंगांचे धागे आपापल्या हद्दीवरून मागे फिरतात, एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती फट राहते. मी तिच्यातून करंगळी घालून बघितली. नवऱ्याने किलीम उलटा केला, भिंग लावलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"पण यात गाठच नाही!"

"नसतेच किलीममध्ये."

"मग मी मोजू काय?"

घरी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही म्हणून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"वापरलेला आहे का गं?"

"जुना आहे, आई."

"म्हणजे वापरलेलाच. कुणी वापरला?"

दुकानदार म्हणाला, कोन्याकडच्या गावातली कुणी बाई असेल, लग्नात माहेरून आणला असेल. मी ते सांगितलं.

"मग तिनं विकला का?"

याचं उत्तर दुकानात कुणाकडेच नव्हतं. चहाचा आणखी एक पेला आला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "जरा जवळ धर बघू." मी फोन नक्षीवर नेला. चौकोनी अंग, बारीक डोकं, आणि दोन्ही हात वळवून कमरेवर. एलिबेलिन्दे म्हणतात तिला.

"अगं, हा तर पांडुरंग!"

"आई, ती बाई आहे. मातृत्वाची खूण समजतात इथे."

"मग मी काय वेगळं सांगतेय? विठाईच ना? माउलीच ना?"

वारकरी घराण्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही. "ओळीनं उभे आहेत बघ," त्या म्हणाल्या, "पायाखाली घालायचा नाही. आणि देवाच्या वस्तूत घासाघीस करायची नाही." तुळशीबागेत तयार झालेली माझी सगळी शस्त्रं त्यांनी एका वाक्यात जमा करून घेतली. दुकानदाराला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण माझा चेहरा त्याला नीट वाचता आला. सातशेवरून मी कशीबशी पाचशे ऐंशी युरोंवर आले. एरवी तीनशेच्या खाली सुरुवात केली असती.

तो मात्र खुर्ची पुढे ओढून बसला होता. फोनवरच्या मॅडम काय म्हणाल्या, हे त्याला कळायलाच हवं होतं. नवऱ्याने इंग्रजीत समजावलं: आमचा देव, भक्ताने उभं राहायला वीट दिली, तिच्यावर असाच कमरेवर हात ठेवून उभा आहे, अठ्ठावीस युगं.

"अठ्ठावीस युगं?" दुकानदाराने पावतीबुक बंद केलं. "मग म्युझियमचा कागद लागेल."

पुण्यात गालिचे होतात का, असंही त्याने निरोप देताना विचारलं. नवरा म्हणाला, "इंग्रजांच्या काळी व्हायचे. येरवड्याच्या तुरुंगात." त्यानंतर त्याने फार विचारलं नाही, पण देवाचं नाव मात्र पुन्हा एकदा उच्चारून घेतलं आणि पावतीच्या मागे काहीतरी खरडलं.

किलीम आता हॉलच्या भिंतीवर आहे. कसर लागू नये म्हणून मी अधूनमधून उतरवून झटकते, आणि झटकण्याआधी सासूबाई नमस्कार करतात. येणारा प्रत्येक पाहुणा 'रंग गेलाय का हो?' असं विचारतोच. नवरा सुरुवातीला सगळ्यांना मंजिष्ठेच्या मुळीपासून सुरुवात करून, १८५६ साली पर्किनच्या हातून निघालेला पहिला कृत्रिम रंग, मग गावोगाव मागे पडलेले जुने रंग, आणि १९८१ पासून तुर्कस्तानातल्या आयवाजिक भागातल्या खेड्यांत एका जर्मन शिक्षकाच्या खटाटोपाने ते परत कसे आले, इथपर्यंत नेऊन सोडायचा. आता पाहुणे रंगाचा विषय काढत नाहीत.

परवा नवऱ्याच्या ऑफिसातलं जोडपं इस्तंबूलहून आलं. बाजारातून जाताना त्यांना मराठीत बोलताना ऐकून एक दुकानदार म्हणे दारात धावत आला आणि ओरडला, "विठ्ठल! मॅडम, ओरिजिनल विठ्ठल! चाय?" त्यांनी चहा घेतला, आणि अर्थात किलीमही घेतला. आम्ही तो बघायला गेलो. आमच्यापेक्षा ऐंशी युरोंनी स्वस्त पडलाय. ते एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण त्यांच्याचा रंग आमच्यापेक्षा कितीतरी छान उडालाय.