मातीच्या भिंती चांगल्या, मग जमिनीखालचं घर का नको? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. पहिला असा की काश्मीरमधल्या बुर्झहोम या नवाश्मयुगीन वस्तीतले लोक जमिनीत खड्डे खोदून राहत, चीनमध्ये आजही मातीत कोरलेल्या घरांत लोक राहतात. मग नागपूरच्या ४५ अंशांत मी जमिनीवरच्या जाड मातीच्या भिंतींचे गोडवे कशाला गातो? दुसरा नागपूरच्या महाल भागातल्या तुमच्या वाड्याबद्दल आहे: सिमेंटचा गिलावा करूनही भिंतीला ओल येते, म्हणजे मातीची भिंतच कुचकामी.

आधी बुर्झहोम. तिथल्या खड्ड्यांपैकी सर्वांत मोठा तोंडाशी २.७४ मीटर, तळाशी ४.५७ मीटर रुंद आणि ३.९५ मीटर खोल आहे. वर अरुंद, खाली रुंद अशी खोदाई टिकली ती तिथल्या करेवा मातीमुळे. उत्तर चीनमधल्या लोएससारखी (वाऱ्याने आणून साचवलेल्या मातीसारखी) ही बारीक कणांची माती उभी कापली तरी धरून राहते. तरीही १५५६च्या शान्शी भूकंपात अशी कोरीव घरं बसली आणि असंख्य माणसं गाडली गेली. शिवाय बुर्झहोमचे खड्डे राहण्यासाठी होते की धान्यासाठी, यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. आपल्याकडचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आठवा. पेव उघडलं की हवा खेळू देऊन मगच माणूस आत उतरत असे, कारण धान्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातल्या माळवा काळातलं खड्ड्यातलं घर सापडलं हे खरं, पण तिथली बहुतेक घरं जमिनीवरची, कुडाची होती.

आता आपली जमीन. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर आहे. शहरात कुठे हातभर खाली मुरूम लागतो, तर कुठे काळी माती खोलवर जाते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जमिनीखालच्या भिंतीमागे मे महिन्यात फट पडते, तिच्यात ढेकळं आणि भुगा घरंगळतो. जुलैत माती पुन्हा फुगते तेव्हा तिला ती जागा उरलेली नसते, म्हणून ती भिंतीलाच आत ढकलते. दरवर्षी थोडं थोडं. भिंत आणखी जाड करून हे थांबत नाही. भिंतीमागची काळी माती काढून तिथे मुरूम आणि गिट्टी भरावी लागते.

तुमच्या प्लॉटची माती तपासणं सोपं आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्याच्या आणि तेवढीच रॉकेलच्या १०० मिलीच्या मोजनळीत टाका, ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दुप्पट किंवा जास्त झाला, तर तिथे खोदून घर बांधण्याचा विचार सोडा.

मुरूम लागला तरी दुसरी अडचण उरतेच. तीन मीटर खाली तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे २७ अंशांच्या आसपास राहतं. मे महिन्यात ते फार सुखाचं, यात शंका नाही. पण ऑगस्टच्या दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, २४-२५ अंशांवर असतो. अशी हवा जमिनीखालच्या भिंतीला टेकली की आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला तेवढी पुरते. याउलट जमिनीवरची ४५ सेंटिमीटरची मातीची भिंत दुपारचा ताप दहा-बारा तास लांबवते आणि रात्री खिडक्या उघडल्या की निवते. आपल्या पावसाळ्याला हीच रचना मानवते, असं माझं ठाम मत आहे.

आणि तुमची ओल. ती सिमेंट लावूनही नाही, सिमेंट लावल्यामुळे वर चढते आहे. जोत्यातून चढलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर वाळत असे. सिमेंटने ती वाट बुजली. मग पाणी आणखी वर सरकतं, आतली माती मऊ होते, क्षार गिलाव्यामागे साचून पापुद्रे सुटतात. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. भिंतीला टेकवलेल्या कूलरची गळती, तुटकी पन्हळ, मोरीचा पाइप. रस्त्यावर थरावर थर चढून जोतं बुडालं असेल, तर भिंतीलगत उतार देऊन नाली काढल्याशिवाय पुढचं काम करू नका.

नंतर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतचं सिमेंट छिन्नी आडवी धरून काढा, एका वेळी मीटरभर लांबीचंच. एक उन्हाळा भिंत तशीच वाळू द्या. खड्डे भरायला काळी माती घेऊ नका, ती तडकते. पांढरी माती आणि कुटार (भुसा) आठवडाभर भिजवून, कुजवून वापरा. ते वाळलं की खरवडून, ओलं करून भिजवलेला चुना १ भाग आणि वाळू ३ भाग असा गिलावा ८-१० मिलिमीटरच्या दोन थरांत करा. दहा दिवस तरी ओलं गोणपाट लावून ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिलमध्ये चुना धरण्याआधीच सुकतो आणि हात लावला की भुगा पडतो. वरून चुन्याचाच हात द्या, प्लास्टिक रंग नको.

त्या भिंतीवर तुळई टेकली असेल, तर छिन्नी लावण्याआधी तिला खालून टेकू द्या आणि लाकडी खांबाचा पायथा टोचून पाहा. दाभण सहज आत गेलं, तर आधी खांबाचं काम.