निघंना का, सर?

गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या बदलायच्या होत्या. चाक काढलं, कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, सोडवून तारेनं टांगला, चकतीवरच्या दोन स्क्रूंपैकी एक सरळ निघाला. दुसऱ्यानं मात्र धरणं धरलं. त्याची फुलीची खाच मुळातच गुळगुळीत होती. मागच्या खेपेला ज्या गॅरेजवाल्यानं हात लावला, त्यानं हवेच्या गनीनं खाचेची वाट लावून वर बिलही घेतलं होतं. देवानं त्याला असेच स्क्रू द्यावेत, रोज.

मला खरा राग याचा, की या स्क्रूला काही कामच नसतं. चाक चढेपर्यंत चकती हलू नये, एवढ्यापुरता तो असतो. चाकाचे नट आवळले की चकती त्यांच्याच दाबानं जागेवर राहते. म्हणजे अंतरपाट धरायला बोलावलेला मामा लग्न झाल्यावरही पंधरा दिवस मुक्काम ठोकून बसावा, तशातली गत. बरं, नुसता बसत नाही, गंजून बसतो.

ही फुलीची खाच अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावानं ओळखली जाते, पेटंट 1936 चं. खाचेच्या भिंती उतरत्या, त्यामुळे जोर वाढला की पेचकस आपोआप वर सरकतो. कारखान्यात झपाझप स्क्रू बसवणाऱ्यांची सोय झाली. तोच स्क्रू पुढं परभणीत, वसमत रोडच्या एका गल्लीत, एप्रिलच्या उन्हात उकिडवं बसून कुणी काढत असेल, याच्याशी त्यांना काय देणंघेणं? त्यात माझी गाडी जपानी. जपानी स्क्रूची खाच दिसते तशीच, पण घडण जराशी वेगळी. त्याचा पेचकसही वेगळा. दुकानात मागितला की "स्टार पाहिजे ना?" म्हणून नेहमीचाच हातात ठेवतात आणि वर आपल्याकडेच संशयानं बघतात.

एवढ्यात नाना आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, अंगात बनियन, हातात चहाचा ग्लास. चहा आमच्याच घरचा होता, हे मला नंतर कळलं.

"निघंना का, सर?"

"निघेल."

"कामून निघंना?"

मी पेचकसाच्या टोकावर रबराचा तुकडा ठेवून दाबून फिरवला. रबर फाटलं.

"तेल टाका की."

"नाना, ब्रेक आहे. चकतीला तेल लागलं तर गाडी थांबायची नाही."

"तेलानं कुनाचं वाईट झालंय, सर?"

मग त्यांनी बाजूची बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि जायकवाडी सुरू केली. डावा कालवा 208 किलोमीटरचा. धरणाला दरवाजे 27. "सत्तावीसच्या सत्तावीस उघडलेले बघितलेत मी ह्या डोळ्यानं. अन् तुमचा ह्यो एवढुसा स्क्रू उघडंना?" दरवाजे त्यांनी स्वतः उघडले होते का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर संध्याकाळ झाली असती.

छिन्नी लावून हातोडीनं ठोकलं. खाचेची राहिलेली अब्रूही गेली. तेवढ्यात अकरावीच्या शिकवणीची पोरं फाटकातून आत आली. नानांना हवं ते मिळालं.

"या रे या. सर फिजिक्स शिकवतेत ना तुम्हाला? बघा, स्क्रू निघंना त्यांना."

एक कार्टं पुढं झालं. "सर, लांब दांडा लावला तर टॉर्क वाढेल ना?"

मी म्हणालो, "अरे, प्रश्न टॉर्कचा नाही, पकडीचा आहे. खाचच राहिली नाही तर बल लावणार कुठं? आता बघ, घर्षण..."

"सर," नाना म्हणाले, "शिकवू नका. काढा."

पोरं हसली. फी भरणारी पोरं! त्यांतल्या दोघांची तर अजून यायचीय.

शेवटी ड्रिल मशीन आणलं, तर लाईट गेली. आमच्याकडे लाईट जायला वेळ लागत नाही, यायला लागतो. तोवर नानांनी पोरांना 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण ऐकवून, जर्मनीची गाडी घेतली असती तर हे झालंच नसतं, असं सांगितलं. जर्मन गाड्यांच्या चकत्यांनाही असलेच स्क्रू असतात आणि तेही असेच गंजतात. पण बोलणार कोण?

लाईट आली. स्क्रूचं डोकं ड्रिलनं उडवलं, मागून दोन हातोड्या मारल्यावर चकती निघाली. उरलं ते बिनडोक खोड. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण जातो, मग खोड बहुधा सहज फिरतं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी पक्कड आणायला आत गेलो.

बाहेर आलो तर खोड नानांच्या चिमटीत होतं.

"हातानं निघालं की, सर! उगं दुपार घालवली तुम्ही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. रात्री दूधवाल्यानंही विचारलं, "नानांनी काढला म्हणं तुमचा स्क्रू?"

चकत्या जोडीनं बदलाव्या लागतात, एकाच बाजूची बदलली तर ब्रेक सारखे लागत नाहीत. हे मी नानांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. पण कार्ट्यानं सांगितलं.

"मंग दुसऱ्या बाजूची सकाळीच काढू," नाना म्हणाले. "अन् बादली नको, सर. खुर्ची काढून ठेवा."