प्रिव्ह्यूवरून दिलेल्या निकालाची उलटतपासणी

लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: फँटसी रोल-प्लेइंग गेमचा (आपण एक पात्र होऊन काल्पनिक जगात खेळतो तो गेम) प्रिव्ह्यू, म्हणजे विक्रीआधी दाखवलेली झलक किंवा त्यावरचा लेख, पाहिला की अंतिम गेम कळतो, कारण पुढे काहीच बदलत नाही, प्रत्यक्ष गेममधील दृश्ये प्रिव्ह्यूपेक्षा फिकी निघाली तर गेम पडलाच समजावा, असा गेम ओळखायला अर्धा तास पुरे, आणि कौतुक करणारे सगळे प्रिव्ह्यू विकत घेतलेले असतात.

‘पुढे काहीच बदलत नाही’ हे म्हणणे ‘बाल्डर्स गेट ३’ हा अशाच प्रकारचा गेम समोर ठेवला तरी टिकत नाही. हा गेम ६ ऑक्टोबर २०२० रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीस, आला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी पीसीवर पूर्ण स्वरूपात निघाला. मधल्या काळात विल या साथीदाराची कथा नव्याने लिहिली गेली आणि त्याला आवाज देणारा कलाकारही बदलला; आधी सोबत घेता न येणारी कार्लाक पूर्ण साथीदार झाली; पात्राची ताकद मोजणाऱ्या लेव्हलची सुरुवातीला ४ असलेली मर्यादा १२ वर गेली. मात्र बदल नेहमी चांगल्याच बाजूने होतो, असेही नाही. अर्ली ॲक्सेसमध्ये फक्त पहिला अंक होता, त्यामुळे तिसऱ्या अंकातील गजबजलेल्या शहरात फ्रेमरेट घसरतो, म्हणजे दृश्य अडखळते, ही तक्रार पूर्ण गेम हाती आल्यावरच पुढे आली. जवळपास तीन वर्षे लोकांनी खेळून पाहिलेल्या भागावरून जे कळले नाही, ते काही मिनिटांच्या चित्रफितीवरून कसे कळणार? हुरडा गोड लागला म्हणून ज्वारीचा उतारा सांगता येत नाही, हे मराठवाड्यात तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दृश्यांबाबतचा नियमही असाच उतावीळ आहे. ‘द विचर ३’ची २०१३ मधील दृश्ये आणि २०१५ मध्ये विक्रीस आलेला गेम यांत फरक असल्याचे निर्मात्यांनीच मान्य केले होते, तरीही त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांमध्ये तो वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला. ‘सायबरपंक २०७७’च्या २०१८ मधील ४८ मिनिटांच्या चित्रफितीत दिसलेले भिंतीला चिकटून राहण्याचे कौशल्य अंतिम गेममधून वगळले गेले. परंतु डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, तो त्या कौशल्यासाठी नव्हे. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) तो धड चालत नव्हता, आणि प्रकाशनापूर्वी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. म्हणजे खरी गोम जे दाखवले त्यापेक्षा जे दाखवलेच नाही त्यात होती.

अर्ध्या तासाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तेवढा वेळ अनेकांचा पात्राचे नाक, केस आणि वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) ठरवण्यातच जातो. लढाईची हाताळणी, कॅमेरा आणि अक्षरांचा आकार एवढे तेवढ्यात कळू शकते. पहिल्या अंकात वाचवलेला माणूस तिसऱ्या अंकात काय करतो, हे मात्र कळत नाही.

‘विकत घेतलेले’ हा आरोप निव्वळ हवेतला नाही. काही वेळा कंपनी प्रवासखर्च देते, गेमचा भाग स्वतः निवडते आणि मजकूर कधी प्रसिद्ध करायचा हेही ठरवते, तेव्हा शंका रास्तच आहे. पण व्हॉट्सॲपवरचा तोच मजकूर टीका करणारा प्रिव्ह्यू पुरावा म्हणून पुढे करतो आणि कौतुक करणाऱ्याला लाचखोर ठरवतो. निवडलेला भाग, ठरलेले तास आणि अपुरी प्रत या अडचणी दोघांनाही सारख्याच असतात. त्यामुळे कोणताही प्रिव्ह्यू वाचताना गेम कोणत्या यंत्रावर चालला, किती वेळ खेळला गेला, कंट्रोलर कोणाच्या हातात होता आणि भाग कोणी निवडला, एवढे शोधावे. हे काहीच न सांगणाऱ्या लेखाची स्तुती आणि निंदा दोन्ही बाजूला ठेवावीत.

खरेदी करायचीच असेल, तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात कथेचा अंदाज येणार नाही, पण आपल्या जुन्या लॅपटॉपवर गेम चालतो की नाही याचा निकाल नक्की लागतो. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते, तेव्हा वीज जाण्याचे दिवस असतील तर डाउनलोडसाठी आधीच दोन रात्री राखून ठेवाव्यात, २ तासांची मर्यादा खेळलेल्या वेळेची असते, डाउनलोडच्या वेळेची नव्हे.