पात्र ‘घुसडलं’ म्हणण्याआधी

‘हल्ली प्रत्येक सीरिजमध्ये समलिंगी पात्रं घुसडतात. पूर्वी असलं काही नव्हतं. कथेला गरज नसताना हे कशाला?’ थोड्याफार फरकाने हा मजकूर इतक्या जणांनी पुढे पाठवलाय, की एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायलाच हवं.

पूर्वी नव्हतं? ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेत १९७१ सालीच, अवघ्या पाचव्या भागात, नायक आर्चीचा धिप्पाड, माजी फुटबॉलपटू दोस्त समलिंगी असल्याचं कळतं. पात्रं होती, पण त्यांना सुखाने नांदू दिलं जात नव्हतं. १९८९ मध्ये ‘थर्टीसमथिंग’ या अमेरिकी मालिकेने दोन पुरुष पलंगावर नुसते गप्पा मारताना दाखवले, तर जाहिरातदारांनी पाठ फिरवली आणि पुनःप्रक्षेपणातून तो भाग गाळला गेला.

‘प्रत्येक’ही खरं नाही. माध्यमांतल्या एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी) चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या ग्लाड या अमेरिकी संस्थेच्या मोजणीत २०२१-२२ च्या हंगामात अमेरिकी नेटवर्क वाहिन्यांवरच्या प्राइमटाइम मालिकांतली ११.९ टक्के नियमित पात्रं एलजीबीटी होती, आणि तोवरचा तो उच्चांक होता.

आता ‘गरज’. काही पात्रं खरोखर नावापुरती असतात, दोन वाक्यं बोलून गायब होतात, हे मला मान्य आहे. मलाही त्यांचा राग येतो. पण तो दोष लेखणीच्या आळसाचा. स्त्री-पुरुषांचं कच्चं प्रेमप्रकरण पाहून ‘ही जोडी कशाला घातली?’ असं कुणी विचारत नाही.

‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेचा २०२३ मधला तिसरा भाग घ्या, बिल आणि फ्रँक या जोडप्याचा. यालाच भरताड म्हणणारे पुष्कळ. जग संपलेलं, आणि फ्रँकने बिलची एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बी मिळवलेलं. पिकलेलं फळ तोंडात टाकताच तो दाढीवाला, संशयी बिल पोरासारखा खिदळतो. मग दोघं म्हातारे होतात, एकत्रच जातात. मागे राहतं मालिकेचा नायक जोएल याच्या नावचं बिलचं पत्र: वाचवावं असं एक माणूस मला भेटलं, मी त्याला जपलं, तुझ्या-माझ्यासारख्यांचं कामच ते. जोएलसोबत असलेली किशोरवयीन एली ते मोठ्याने वाचत असते. जोएलची जोडीदार टेस हिचं नाव येताच थांबते, कारण टेस मरण पावलेली आहे. जोएल पत्र घेऊन बाहेर जातो आणि परत आल्यावर एलीला सोबत न्यायला तयार होतो. हा भाग काढून टाका, आणि ते वळण कुठून आणणार ते सांगा.